प्रेमानंद सर आणि गुंजनचा खांदा

कोराडीच्या कॉलनीत आमचे शेजारी प्रेमानंद सर मुलींना बेसबॉल शिकवतात. क्रिकेट सोडून हे काय खूळ, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल तासभर खांद्याची रचना ऐकावी लागली. तेव्हापासून विचारत नाही.

सरांचा स्वतःचा उजवा खांदा कॉलेजातच कामातून गेला. दुखतोय म्हटलं तरी त्यांचे प्रशिक्षक "टाक, टाक" म्हणत राहिले. आता तो हात छातीच्या वर जात नाही, केससुद्धा डाव्यानेच विंचरतात. म्हणून पिचर मुलींचे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्यांचे, हात ते तळहातावरच्या फोडासारखे जपतात. प्रत्येकीचा व्यायाम निराळा. धिप्पाड मयुराला सायकलच्या जुन्या ट्यूबचे ताण, काटकुळ्या गुंजनला आधी पाय आणि कंबर पक्की करायचा हुकूम. चेंडू मोजूनच टाकायचे, मग विश्रांती. मुली त्यांना पाठीमागे 'खांदेराव' म्हणतात.

गुंजन त्यांची सगळ्यांत लाडकी. पण ऐन स्पर्धेच्या तोंडावर तिच्या चेंडूतला जोरच गेला. सरांनी तिची झोप विचारली, जेवण विचारलं, काही कळेना. शेवटी सुटीच्या दिवशी तिच्या वडिलांना, गिरिधरभाऊंना, गाठायला कळमन्याच्या फळबाजारात गेले आणि बघतात तर काय! संत्र्यांच्या ढिगापाशी उभी राहून गुंजन एकेक निवडलेलं फळ लांबच्या क्रेटमध्ये सणसणीत फेकत होती.

"हे काय करून राहिली वं?" सर ओरडले.

"प्रॅक्टिस चालू आहे ना, सर," गिरिधरभाऊ अभिमानाने म्हणाले. "तुमी तं मोजूनच टाकू देता. मी म्हटलं, राहिलेली कसर इथं काढू."

सरांनी तिथेच रिकाम्या क्रेटवर बसून भाऊंना अख्खा खांदा समजावला. गिऱ्हाइकं खोळंबली.

"म्हणजे मीच पोरीचा हात खराब करून राहिलो होतो का?" भाऊंचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ते गुंजनला घरात पाण्याची बादलीही उचलू देईनात. गुंजनची चंगळ झाली.

अंतिम सामन्यात तिने कमाल केली. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे. तेवढ्यात तिच्या चेंडूंची ठरलेली मर्यादा संपली आणि ती खांदा चोळू लागली. सर उठले, आणि पुन्हा बसले.

"दोनच गडी राहिले," ते पुटपुटले. मग मोठ्याने, "टाक, गुंजन, टाक!"

मी शेजारीच होतो. मला त्यांचा असा राग आला! पण मी तोंड उघडण्याआधी गिरिधरभाऊ दोरी ओलांडून आले.

"सर, पोरगी खांदा चोळून राहिली. तुमाले दिसून नाही राहिलं का?"

सर चपापले. त्यांनी लगेच गुंजनला बाहेर बोलावलं. तिच्या जागी मयुरा आली, आणि आम्ही हरलो.

"सगळ्यांनी हात वर करा!" फोटोवाला म्हणाला. हरल्यावर कसले हात, म्हणून मुली कुरकुरल्या, तरी केले वर. सरांचा छातीपाशीच अडला. शेजारी गुंजनचा उजवा हात कानाला लागून सरळ वर गेला. त्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. सर तेवढे तिच्या हाताकडे बघतायत, आणि गालातल्या गालात हसतायत.