मिलच्या पंख्याचं पातं

इंदूर शहरात हवेची खरी काळजी एकाच माणसाला होती, आणि आमच्या नशिबानं तो माणूस माझ्या ताईचा सासरा निघाला. राजकारणाची, भावांची, शेजाऱ्यांच्या सुनांची काळजी करणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतात. पण खोलीतली हवा आत कुठून आली, बाहेर कुठून जाणार आणि मध्येच कुठे अडकून बसली, याचा विचार करत जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ते मला सालेसाहेब म्हणत. ताईचा भाऊ म्हणून तो माझा हक्काचा किताब होता. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी बाबा बोट ओलं करून हवेत उभं धरायचे, थोडा वेळ डोळे मिटायचे आणि मग यजमानाला अतिशय दुःखानं सांगायचे की तुमचं कपाट चुकीच्या भिंतीला आहे. निम्म्या नातेवाइकांची कपाटं त्यांनी हलवली. उरलेल्या निम्म्यांनी त्यांना बोलावणं सोडलं.

खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो की आम्ही हात जोडायचो आणि हे वर छताकडे बघायचे. समयांची गरम हवा जाणार कुठून, हा त्यांचा देवाला प्रश्न असे. लालबागच्या राजवाड्यात लोक झुंबरं पाहतात, बाबांनी मला तासभर झरोके दाखवले आणि शेवटी खास इंदुरी सुरात म्हणाले, "राजाला हवा कळत होती भिया." माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. मंडळी गंभीर चेहऱ्यानं बसलेली, मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली, आणि हे उठले ते सरळ जाऊन मागची खिडकी उघडून आले. पडदा फुगला, पोह्यांवरची शेव उडाली आणि मुलीच्या काकांच्या टकलावर जाऊन बसली. मुलगी खुदकन हसली. मी तिथेच होकार ठरवला, आणि बायको अजूनही म्हणते की आमची पत्रिका बाबांनी जुळवली.

हे खूळ आलं होतं मिलमधून. बाबा कापडाच्या मिलमध्ये ज्याला सगळे हवा खातं म्हणत, त्या खात्यात होते. सूत कातताना हवा कोरडी झाली की धागा पटापट तुटतो, म्हणून मोठाले पंखे पाण्याच्या फवाऱ्यातून वारा ओढतात आणि तो गार, दमट वारा यंत्रांवर सोडतात. ते पंखे बाबांचे. बाहेर मे महिना भाजून काढत असताना आत यंत्रावरच्या माणसाला आणि धाग्याला सारखाच गारवा मिळाला पाहिजे, ही त्यांची नोकरी होती आणि धर्मही तोच. आवाजावरून कुठलं पातं झिजलंय ते ते सांगत. निदान असं ते म्हणत. खरं-खोटं करायला आमच्यापैकी कोण आत गेलं होतं?

मग मिल बंद झाली. एकदम नाही झाली; आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप लागलं आणि फाटकासमोरच्या चहावाल्यानंही दुकान हलवलं. त्याच्या थोडंसं आधी बाबा एका पंख्याचं जादा पातं, कड घासायला म्हणून, रीतसर गेटपास काढून घरी घेऊन आले होते. ॲल्युमिनियमचं, हातभर लांब, मधे जाड आणि टोकाला निमुळतं. ते परत करायचं कुणाला? बाबांनी ते जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. मिल उघडली आणि पंखा ऐन वेळी अडला तर लागेल, म्हणायचे. दर दसऱ्याला ते पातं खाली यायचं, घासून लख्ख व्हायचं, पाटावर बसायचं. लोक खंडेनवमीला घरातली हत्यारं, गाड्या पुजतात. आमच्या ताईच्या घरी पंख्याच्या पात्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं. रोज सकाळी पाळीच्या वेळेला बाबा सायकलवरून फाटकापर्यंत जायचे, कुलूप बघायचे आणि पोहे-जलेबी बांधून परत यायचे. गल्लीतले लोक विचारायचे, क्यों बाबा, खुली क्या? बाबा म्हणायचे, बस, होईलच. आम्हीही हसायचो. वाईट वाटायचं, पण हसूच यायचं.

ताईचे यजमान, आमचे जिजाजी, त्याच मिलच्या ऑफिसात होते. म्हणजे एका कुलपात बापलेक दोघंही घरी बसले. जिजाजी मात्र फाटकाकडे फिरकले नाहीत. त्या दिवसांत गावात सगळं नवं येत होतं, नवनवे चॅनल, परदेशी शीतपेयं, आणि टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम. जिजाजींनी एक जुना गेम मिळवला, घरातला टीव्ही पुढच्या खोलीत मांडला आणि तासावर गेम खेळायचं दुकान काढलं. टीव्हीवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे ठोकले. बाबांचं दुःख तुम्हाला कळलं असेल. मुलगा धंदा काय करतो याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, पण त्यांनी ज्या खोलीत जन्मभर वारा खेळवला तिथे खिडकी बंद! ते जाता-येता पडद्याचा कोपरा उचलायचे, जिजाजी परत खाली ओढायचे. बापलेकांचं बोलणं जवळजवळ त्या पडद्यावरूनच चालायचं.

दुकान हिवाळाभर छान चाललं. उन्हाळा लागला आणि गेम बसायला लागला. तासभर खेळलं की चित्राच्या चिंध्या व्हायच्या, रंग सांडायचे, मग सगळं गोठायचं. गेमचा डबा बंद करून ठेवायचा, गार झाला की पुन्हा सुरू, आणि पुन्हा तेच. पोरं काय थांबतात? ती पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागली. जिजाजी सुरतेला कुठल्याशा ओळखीच्या कारखान्यात जायच्या गोष्टी करू लागले. एकटेच जाणार होते. ताईनं त्यांची बॅग झाडून उन्हात ठेवलेली मी पाहिली.

बाबांनी एक दिवस त्या डब्यावर हाताची मागची बाजू ठेवली. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. नातवाचा ताप, इस्त्री, कुकर, सगळं ते हाताच्या मागच्या बाजूनं बघत. म्हणाले, ह्याचा जीव कोंडतोय. आणि दुसऱ्या दिवशी जिजाजी बाजारात गेले असताना त्यांनी मिलमधल्या माणसाला सुचेल तेच केलं. डब्याचं झाकण काढलं, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर पाण्यानं भरून त्याच्या तोंडासमोर आणून लावला आणि गेम चालू करून समाधानानं समोर बसले. जन्मभर त्यांनी गार हवा म्हणून जी ओळखली ती ओलीच होती. धाग्याला ती मानवायची. डब्याच्या आत मात्र थोड्याच वेळात बारीक दव धरलं, फट्ट झालं आणि टीव्ही काळा पडला.

जिजाजी आले, त्यांनी डबा बघितला, कूलर बघितला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "बाबा, ही मिल नाहीये."

बाबांनी कूलर जागेवर नेऊन ठेवला. डबा उन्हात वाळला, ताईनं वरून मलमल पांघरली होती, आणि देवाची कृपा म्हणून तो परत लागला. पण तासाभरानं बसायचा तो बसायचाच.  बाबा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी बोट ओलं केलं नाही. माझ्या बायकोनं मुद्दाम खिडकी लावून बघितली. तरी ते मान खाली घालून जेवत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा त्या माणसाबद्दल भीती वाटली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी ताईकडे गेलो होतो. बाबा रोजच्यासारखे फाटकापर्यंत जाऊन आले, पण हातात पोहे नव्हते. फाटक उघडं होतं म्हणाले. क्षणभर आम्ही सगळेच उभे राहिलो. मग त्यांनी सांगितलं की आतून ट्रक भरून भंगार बाहेर येतंय, आणि एका ट्रकवर त्यांनी त्यांचे पंखे पाहिले, पाती वाकवून एकावर एक रचलेले. एवढं बोलून ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि धोतराचं गाठोडं घेऊन खाली आले. अंगणात पाट घेतला, पातं त्यावर आडवं ठेवलं आणि करवत काढली.

जिजाजी धावत आले. म्हणाले, बाबा, हे काय करताय, मिल उघडली तर लागेल ना? जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं होतं. बाबांनी वर पाहिलं नाही.

"आता नाही उघडत रे," ते म्हणाले. "तू ते टोक धर. हलतंय."

जिजाजींनी टोक धरलं. दोघं बराच वेळ तसे बसले होते, एक कापतोय, एक धरतोय. मी मदतीला गेलो नाही. ती जागा माझी नव्हती.

गेमच्या आत एक काळी चौकोनी चिप होती, दोन्ही बाजूंना पाय असलेली. बाबा तिला किडा म्हणायचे. तापायची ती तीच. पात्याच्या जाड भागातून त्यांनी तिच्या मापाचा ठोकळा कापला, त्याला वरून करवतीनं खाचा पाडल्या, म्हणजे उष्णता पसरायला जागा झाली. पण ठोकळा चिपवर सगळीकडून टेकला पाहिजे. मध्ये हवेची फट राहिली तर उष्णता वर चढतच नाही. ती फट शोधायला त्यांनी ताईच्या करंड्यातलं कुंकू मागितलं. तेलात कालवून ठोकळ्याच्या बुडाला लावायचं, चिपवर हलकेच दाबायचं, आणि चिपवर जिथे लाल उमटणार नाही तिथे ठोकळा टेकत नाही असं समजून बाकीचा भाग घासायचा. मिलमध्ये यासाठी निळा रंग असायचा म्हणे. शेवटी सगळी चिप लाल झाली. मग कुंकू पुसून, रेडिओच्या दुकानात मिळते ती पांढरी पेस्ट लावून ठोकळा बसवला. जिजाजींनी कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासमधून एक छोटा पंखा मिळवला. तो वारा आत सोडेल असा ते लावत होते. बाबांनी तो उलटा करायला लावला. आधी बाहेर जायची वाट करायची, मग आत यायचं ते आपोआप येतं, असं म्हणाले. झाकणाला जाळी पाडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेम चालू केला. तास गेला, दुसराही गेला, बाबा मधून मधून हाताची मागची बाजू डब्यावर ठेवत होते. चित्र काही हललं नाही. संध्याकाळी जिजाजींनी एका खिडकीचा काळा पडदा काढला आणि टीव्हीची पाठ त्या खिडकीकडे फिरवून घेतली, म्हणजे उजेडाचं नडायला नको. बाबांनी दारातच बोट ओलं करून वर धरलं, आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. सुरतेची बॅग परत माळ्यावर गेली, पात्याच्या रिकाम्या जागी.

त्या वर्षी दसऱ्याला पाटावर काय ठेवायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. जिजाजींनी तो गेम आणून ठेवला, हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. बाबा हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मिलसाठी काही म्हणत असावेत. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"फूल जाळीवर नको ठेवू बेटा," ते म्हणाले. "हवा अडते."

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या खोलीत गेमनंतर फोनचं दुकान आलं, मग मोबाइलचं, आता भाच्याचं ऑफिस आहे आणि भिंतीवर एसी आहे. मिलच्या जागेवर काय उभं राहिलंय ते बघायला मी गेलो नाही. पण दसऱ्याला ताईकडे जातो. जिजाजी तो डबा खाली काढतात. चालत नाही, तरी पुसतात. फूल ठेवतात. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवतं, आणि ते फूल बोटानं जरासं बाजूला सरकवतात.