मंडळाच्या लेटरहेडवरची संमती

दिनांक: मे महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळी अकरा. ठिकाण: पोलादपूरच्या पुढे, साइटवरचं कंटेनर-ऑफिस.

हजर: खात्याचे उपअभियंता देसाई साहेब. कंत्राटदाराचे प्रोजेक्ट मॅनेजर भोईर. सल्लागार कंपनीतर्फे मी. न बोलावता हजर: अंगणवाडी सेविका रेश्मा उतेकर. बैठक त्यांच्या घरावरून होती, पण बोलावण्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

रस्ता रुंद करायला आम्ही डोंगर कापला होता. असा उभा काप घेतला की त्याला लागूनच संरक्षक भिंत बांधायची असते, नाहीतर पावसाळ्यात वरची माती रस्त्यावर येते. काप एप्रिलमध्ये पूर्ण झाला. भिंतीचा पाया खणून झाला आणि महाडच्या कोर्टातून मनाई आली. काम थांबलं. काप तसाच उघडा राहिला. त्याच्या माथ्यावर, कडेपासून अकरा फुटांवर रेश्माबाईंचं घर. अकरा फूट मी स्वतः टेप लावून मोजले आहेत. घरात त्या आणि दोन मुली. नवरा नोकरीसाठी मुंबईला. पाऊस यायला जेमतेम चार आठवडे होते.

"मॅटर सबज्युडिस आहे," देसाई साहेबांनी सुरुवात केली. म्हणजे प्रकरण कोर्टात आहे. आमच्या धंद्यात हा शब्द छत्रीसारखा वापरतात. ज्याने उघडली तो कोरडा राहतो.

भोईरने हिंड्रन्स रजिस्टर पुढे केलं. कंत्राटदाराची चूक नसताना काम अडलं, तर त्याची रोजची नोंद या वहीत होते. जितके दिवस अडथळा, तितकी मुदतवाढ, दंड माफ. सोळा दिवस एकाच अक्षरात एकच वाक्य होतं: कोर्ट स्टे, काम बंद.

"मोकळी साइट देणं डिपार्टमेंटचं काम आहे, साहेब. क्लॉज वाचा."

"आणि केलेल्या कापाची सेफ्टी कंत्राटदाराची. तुम्हीपण क्लॉज वाचा."

दोघेही बरोबर होते. संताप त्याचाच येत होता. करारनामा दोघांना पाठ होता, आणि खिडकीतून दिसणाऱ्या कापाकडे दोघांनीही पाठ केली होती.

"माजं घर कुठच्या क्लॉजात हाय?" दारातून रेश्माबाईंनी विचारलं.

भोईर म्हणाला, "ताई, स्टे तुमच्याच दिराने आणलाय. त्यालाच विचारा ना."

"चुलत दीर हायत ते. आनि डोंगर त्यांनी कापला काय?"

इथे मला माझीच चूक सांगायला हवी. कामाआधीची तपासयादी माझी असते. तिच्यात सातवी ओळ आहे: भूधारकांची संमती. त्या ओळीपुढे टिक होती, आणि ती मी केलेली होती.

आमच्या भागातल्या प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. देवळाचा कळस कधी बसवायचा, नळाची लाइन कुठून न्यायची, सगळं तिकडे ठरतं आणि गाव ते मानतं. या वाडीच्या मंडळाने लेटरहेडवर लिहून दिलं होतं की रस्त्याला ग्रामस्थांची कोणतीही हरकत नाही. खाली गोल शिक्का, अध्यक्ष आणि सेक्रेटरीच्या सह्या. देसाई साहेबांनी ते पत्र फाइलला लावलं, भोईरने पोकलेन आणला आणि मी टिक केली. मी महाडचीच. मंडळाचा शब्द म्हणजे गावाचा शब्द, हे ऐकतच वाढले. दुसऱ्या जिल्ह्यातली कोणी माझ्या जागी असती तर तिने सातबारा मागितला असता.

कायद्याला मंडळ माहीत नसतं. सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्या सह्या लागतात. इथे बारा नावं होती. पत्रावर दोन सह्या, त्यातल्या सेक्रेटरीचं तर सातबाऱ्यावर नावच नव्हतं. बारापैकी अनंत उतेकर हा जत्रेतल्या मानावरून भांडून मंडळाबाहेर पडलेला. त्याला कोणीच विचारलं नव्हतं. तो कोर्टात गेला, आणि त्याचा तो हक्कच होता.

"ऑर्डर कुठे आहे?" मी विचारलं.

देसाई साहेबांनी मोबाइल पुढे केला. एका पानाचा फोटो. भोईरकडेही तोच, साहेबांनीच फॉरवर्ड केलेला. पानाच्या तळाशी वाक्य अर्धवट राहिलं होतं.

"पुढचं पान?"

"एवढंच आलंय. मनाई स्पष्ट आहे ना त्यात."

मी रेश्माबाईंना अनंतरावांना फोन लावायला सांगितला. त्यांनी जरा वेळ घेतला, मग स्पीकरवर लावला.

"भावोजी, म्याडम बोलतायत साइटच्या."

"सोळा दिवसांनी आठवण आली काय?"

मी नाव सांगितलं. संमतीच्या रकान्यातली टिक माझी होती, तीही कबूल केली. पलीकडून आलं, "बोला."

"ऑर्डरचं दुसरं पान आहे तुमच्याकडे?"

"म्हंजे तुमच्याकडं नाय?" तो हसला. ऐकायला बरं वाटेल असं ते हसणं नव्हतं. "नवीन खोदाई नको, पक्कं बांधकाम नको, येवढंच थांबवलंय. पुढं लिवलंय, घराच्या सुरक्षेसाठी तात्पुरतं काम करायला मनाई नाय. वकिलाला सांगून मी ते मागून घेतलं. वहिनीचं घर हाय तिथं. मला रस्ता नको असं नाय. मला इचारायला हवं होतं."

"मंग मला का नाय सांगितलंत?" रेश्माबाई म्हणाल्या.

"चार वेळा फोन केला. तुम्ही उचललात कुठं? आमच्याशी बोलायचं नाय असं ठरलंय ना मंडळात."

रेश्माबाई माझ्याकडे वळल्या. "नाय उचलला मी," म्हणाल्या.

दुसरं पान पाच मिनिटांत मोबाइलवर आलं. मी ते मोठ्याने वाचलं, दोनदा. खात्याचा लीगल सेल, कंत्राटदाराचा वकील, आणि त्या कंटेनरमध्ये बसलेले आम्ही तीन इंजिनियर. सोळा दिवसांत एकानेही पान उलटलं नव्हतं. ज्याला सगळ्या बैठकांत 'उपद्रवी' म्हटलं जात होतं, त्या एकट्यालाच ते घर आठवलं होतं. हे मी तसंच बोलून दाखवलं.

"लीगल सेलने अर्धंच पाठवलं," देसाई साहेब म्हणाले.

"आम्हाला तुम्ही अर्धं पाठवलंत," भोईर म्हणाला. "आणि मॅडम, टेम्पररी काम बीओक्यूत नाही." बीओक्यू म्हणजे कंत्राटातल्या कामांची यादी.

"केलेल्या कापाची सेफ्टी तुमची. साहेबांनी आत्ताच सांगितलं. त्याला वेगळी बाब लागत नाही."

"ठीक आहे. सुरू करा," देसाई साहेब म्हणाले.

"लेखी द्या," भोईर म्हणाला.

"अहो, मी सांगतोय ना."

"मी लिहिते, तुम्ही सही करा. रेश्माबाई साक्षीदार."

त्यांनी सही केली. रेश्माबाईंनी नाव पूर्ण लिहिलं, गावासकट. मग मी भोईरचं रजिस्टर ओढलं आणि सोळाव्या नोंदीखाली लिहिलं: आदेशाचे दुसरे पान आज वाचले.

पुढची कामं यादीप्रमाणे झाली. लोखंडी जाळीच्या पेट्यांत दगड भरून कापाच्या पायथ्याशी तीन थर रचले. वरून येणारं पाणी वळवायला एरवी चर खणतात. खोदाईला मनाई होती, म्हणून गोण्यांचा बांध घातला. कापावर ताडपत्री टाकली. रेश्माबाईंची गाय शेजारच्यांकडे बांधली.

जुलैमध्ये वरची माती सरकली. जांभळीचं झाड आणि गोठ्याची एक बाजू खाली आली आणि पेट्यांवर अडली. घर राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेप लावली. अकराचे सात फूट झाले होते.

खात्याच्या अहवालात विलंबाचं कारण लिहून आलं: स्थानिकांचा विरोध. मी लेखी हरकत घेतली. विरोध स्थानिकांनी केला नव्हता, संमती आम्ही घेतली नव्हती, आणि आदेश आम्ही वाचला नव्हता. त्या हरकतीला पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेलं नाही.

या कामातून माझ्या तपासयादीत दोन बदल झाले. सातव्या ओळीत आता एका टिकऐवजी सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव वेगळं येतं. आणि कोर्टाचा कागद आला की त्याची पानं किती, हे मी आधी विचारते.

पक्की भिंत अजून बाकी आहे. जाळीच्या पेट्या आणखी एखादा पावसाळा काढतील, त्यापुढची खात्री मी देणार नाही. बारापैकी अकरा सह्या झाल्या. एकासाठी सुरतेला माणूस पाठवला, एकाची सही दुबईहून वकिलातीच्या शिक्क्यासह आली. अनंतराव सही करायला आणि केस मागे घ्यायलाही तयार आहेत. अट एकच: ते पत्र अनंतरावांच्या वतीने नव्हतं, असं मंडळाने लिहून द्यावं. मी अध्यक्षांना दोनदा भेटले. "मंडळानं लिवलेलं मागं घेत नाय," ते म्हणाले.

ओळ सात, नाव बारा: अनंत उतेकर. रकाना रिकामा.