कुसुमताईंचा वन्समोअर

लीड्समध्ये कुणाकडेही जेवायला आल्या, की कुसुमताई हात धुताना एक इंग्रजी गाणं गुणगुणायच्या. साठच्या दशकात मिडवाइफ म्हणून त्या इथे आल्या, तेव्हा खोलीत हीटिंग धड नव्हतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जाऊन बसायच्या. नाटकावरून केलेला, गाण्यांचा एक ब्रिटिश सिनेमा लागला होता. उबेसाठी त्यांनी तो अकरा वेळा पाहिला आणि गाणी पाठ झाली.

"सिनेमा छानच," त्या म्हणत, "पण मेला ऐकत नाही. कितीही वन्समोअर ओरडा, पुढेच पळतो." बाई सांगलीच्या, संगीत नाटकांवर वाढलेल्या. वन्समोअर न मिळालेलं गाणं म्हणजे त्यांच्या लेखी अळणी पिठलं. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, त्या सिनेमाची गोष्ट मराठीत आणून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक म्हणून करायची आणि शेवटच्या गाण्याला वन्समोअर घ्यायचा.

तोवर त्यांची फुप्फुसं अधू झाली होती. मी भूलतज्ज्ञ, आणि मंडळाचा पेटीवाला. "ताई, तुम्हाला झेपायचं नाही," मी म्हटलं.

"श्रीधर, लेबर वॉर्डात बाईला झेपेल का विचारत नाहीत, पुश म्हणतात. पेटी काढ."

प्रयोगाच्या दिवशी मी शहाणपणा केला. मध्यंतरात खुर्च्याखुर्च्यांतून फिरून सांगितलं, ताईंना दम लागतो, वन्समोअर मागू नका. मंडळी समजूतदार. शेवटचं गाणं सुरेख झालं, टाळ्या भरपूर पडल्या. ताई हात जोडून वाट पाहत उभ्या राहिल्या. वन्समोअर आला नाही, तशा त्या आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कबूल केलं. त्या चिडल्या नाहीत. शालीची घडी घालत म्हणाल्या, "श्वास माझा होता. काटकसर तू का केलीस?"

पुढच्या वर्षीचा हॉल त्यांनी स्वतः बुक केला. प्रयोगापर्यंत तब्येत आणखी उतरली होती. शेवटचं गाणं संपलं आणि पेटीवरून सगळ्यांत आधी मीच ओरडलो. मग सगळा हॉल. ताईंनी खुर्ची ओढून घेतली, बसल्या आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला दम संपला. मी भाता हलवत सूर धरून राहिलो, घाई केली नाही. त्यांनी श्वास गोळा केला आणि गाणं पुरं केलं.

मार्चमध्ये त्या गेल्या. आदल्या आठवड्यात वॉर्डात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा जास्त रंगलं की नाही?"

"रंगलं, ताई."

"मग माझं एक वर्ष का घालवलंस?" म्हणाल्या, आणि मास्क परत लावून घेतला.