आईचा वाकडा ओठ

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. कीव तर अजिबात करू नका.

आमचा पेणजवळ हमरापूरला गणपतींचा कारखाना. आई मूर्तींचे डोळे रंगवायची. तिने रंगवलेल्या डोळ्यांसाठी गिऱ्हाईक थांबून राहायचं. मग तिला लकवा झाला. हात वाचला, पण तोंड डावीकडे ओढलं गेलं. त्यानंतर कुठे लग्नाकार्याला गेलो की मी तिचा पदर पुढे ओढायचे — तिने न सांगता. लाज तिला वाटत होती की मला?

वेर्नर जर्मनीचे शिल्पकार, ऐंशीच्या घरातले. पदकं घडवायचे — तळहातात मावेल एवढी, वर माणसाचा चेहरा. मूर्ती बघायला एकदा पेणला आले आणि पुढे दर थंडीत आमच्याकडेच उतरायला लागले. मोडकंतोडकं हिंदी, बिनसाखरेचा चहा. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वडिलांनी गणवेशातल्या बड्या साहेबांचे चेहरे रुबाबदार करकरून कोरले होते. मुलाने ते पाहिलं आणि ठरवलं — आपण कुणालाही आहे त्याहून देखणं करायचं नाही. ते त्यांनी जन्मभर पाळलं. न्हावी, दाई, मासळीवाली — ज्यांना कुणी पदक देत नाही, त्यांचीच पदकं केली. चामखिळीसकट.

त्या थंडीत त्यांनी आईला समोर बसवलं. प्लास्टरमध्ये तिचा चेहरा उतरला, वाकड्या ओठासकट. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि हसली. "व्हय गो, हीच मी."

मला बघवेना. माझी आई धातूत, कायमची — अशी?

पदक ओतायला रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका ओताऱ्याकडे द्यायचं होतं. वेर्नरना ताप होता, म्हणून प्लास्टर घेऊन मी निघणार होते. निघण्याआधी कारखान्यात बसले आणि कोरणी घेतली. साच्यातून निघालेले चेहरे साफ करण्यात माझा जन्म गेलाय. ओठाची कड उतरवली, गालाला भर दिली, पॉलिश कागद फिरवला. लकव्याआधीची आई दिसायला लागली. मग एसटीने रोहा, तिथून पूल ओलांडून अष्टमी. काही दिवसांनी पदक आणायला गेले, तेव्हा प्लास्टर पुलावरून कुंडलिका नदीत टाकलं. घरी सांगितलं, ओताऱ्याकडे फुटलं.

वेर्नरनी पदक न बघताच आधी आईच्या हातात दिलं. आईने ते उजेडाकडे धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

"ही कोन गो?"

त्यांना मराठी येत नव्हतं. तरी तेवढं कळलं. त्यांनी पदक घेतलं, खूप वेळ बघितलं, मग मला विचारलं, "ये मैंने बनाया?"

तेव्हा सांगता आलं असतं. घाबरले म्हणू? घाबरलेही नव्हते. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हां."

त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी हत्यारं माझ्या भावाला देऊन टाकली आणि तिकीट आधीचं करून घेतलं. पुन्हा आले नाहीत. तिकडे गेल्यावरही मातीला हात लावला नाही. मी सरळ केलेल्या ओठापायी तो माणूस शेवटपर्यंत समजत राहिला की आपणही वडिलांसारखेच निघालो.

ओठ सरळ केला, त्याचा मला पस्तावा नाही. आई माझी होती. कोरणी पुन्हा हातात दिलीत तर पुन्हा करेन — ती पुन्हा "ही कोन गो?" म्हणाली तरी करेन. पण ते "हां"? त्यात आई कुठे होती? ते फक्त माझं होतं. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी तो कधी लावला नाही.

ते वारल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. वडिलांनी एकाएकी काम का सोडलं, तुमच्याकडे काही घडलं होतं का, असं तिने विचारलं. तेव्हा आई जाऊन वर्ष उलटलं होतं. ज्याच्यापासून लपवावं असं कुणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, नाही. काहीच घडलं नाही.