उंबराखालची पेन्सिल

हे आजवर माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. सभेत नाही, मैत्रिणीजवळ नाही, वडिलांजवळ नाही. जिला सर्वात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही — तुमचा चेहरा मला दिसत नाही. म्हणजे यातही भित्रेपणा आहेच.

तुम्ही मला ओळखत असाल तर माझ्या पत्रकांमुळे. मी पत्रकांवरच वाढले. वडील कर्जतला रेल्वेच्या शेडमध्ये, युनियनचे कार्यकर्ते. नेरळच्या आमच्या दोन खोल्यांत धान्याच्या पिंपावर पत्रकं, गादीखाली पत्रकं, बुद्धाच्या तसबिरीमागेही पत्रकं. माझा ‘अ’ अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. एकोणिसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं — ‘बाईचं अंगण केवढं?’ आणि ते कर्जतच्या बाजारात स्वतः वाटलं. बायकांनी घराबाहेर पडावं, मैदानं ताब्यात घ्यावीत, कपाळावरची गुलामीची खूण पुसून टाकावी — असं बरंच त्यात होतं. आईनं ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि कपाळाचं कुंकू नीट करत म्हणाली, “तू तुझं पत्रक छाप, मी माझं कुंकू लावते. दोघींची शाई लालच हाय.”

वडील केवढे हसले होते! मी हसले नाही. तेव्हापासूनच काही सुरू झालं होतं का? माहीत नाही. मी उगाच मागं मागं जाते आहे. मुद्द्यावर यायला मला भीती वाटते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका डोंगर भटकणाऱ्या मंडळानं नाताळच्या सुटीत कर्जत-खालापूर भागात आठवडाभराच्या नकाशा-शर्यती ठेवल्या. आमच्याकडे असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं, थोड्या थोड्या वेळानं एकेकाला रानात सोडायचं. रानात ठिकठिकाणी पांढरे-केशरी झेंडे लटकवलेले. प्रत्येक झेंड्याला दोरीनं एक रंगीत पेन्सिल बांधलेली, दर ठिकाणी वेगळ्या रंगाची. तिथं पोचायचं, आपल्या कार्डावर त्या पेन्सिलीची खूण करायची आणि पुढचा झेंडा शोधायचा. वाट कुठली धरायची ते आपलं आपण ठरवायचं. सगळ्या दिवसांच्या वेळा मिळून शेवटी निकाल. बायकांचा गट एकच, वयाची अट नाही.

वयाची अट नाही हे वाचलं आणि मी माझं नाव घातलं — आणि त्याखाली आईचं.

आई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. पोशीरच्या शाळेत बाई. लग्नाआधी खो-खो खेळायची, हे आम्ही फक्त ऐकलेलं.

“काय गं, मला न इचारता मुंबईवाल्यांना इकलंस काय?”

“आई, तू घराबाहेर पडायला हवंस.”

“मग रोज पोशीरला जाते ती काय घरातल्या घरात?”

पण ती तयार झाली. कर्जतच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आली आणि पहिल्या दिवशी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, आत वडिलांची जुनी हाफपँट घालून उभी राहिली.

आता खरं सांगते. ती शेवटची यावी, असं मला वाटत होतं. धापा टाकत, धुळीनं माखून, सर्वांच्या मागून — पण शर्यत पूर्ण करून यावी. मी तिचा हात धरून तिला शेवटच्या रेषेपर्यंत आणावं आणि मग त्यावर लिहावं. मथळासुद्धा ठरला होता. आईचं धैर्य, आणि त्याखाली माझं नाव.

पहिल्या दिवशी ती तिसरी आली. मी चौथी.

दुसऱ्या दिवशी ती पहिली आली. तिसऱ्याही दिवशी. मी दर वेळी तिच्या मागं, दर वेळी थोडीशीच मागं. मुंबईच्या कॉलेजातल्या मुली पायांत भारी बूट घालून चुकत होत्या आणि ही बाई ओढ्यांतून वर येत होती. मंडळाची पोरं तिच्याभोवती जमायची. “बाई, तुम्ही नकाशा एवढा झटपट कसा वाचता?” ती म्हणायची, “नकाशा म्हणजे सासरचं घर रं बाबांनो. कुठं काय ठेवलंय ते कुणी सांगत नाय. आपणच बघून चालायचं.” पोरं खिदळायची. तीच गंमत ती संध्याकाळी वडिलांना सांगायची, मग शेजारी सांगायची, प्रत्येक वेळी थोडी वाढवून. आणि मला म्हणायची, “आज कुठं रेंगाळलीस गं? मी पाणी पिऊन, तोंड धुऊन बसले तरी तुझा पत्ता नाय.”

थट्टाच होती. पण मला ती लागायची — पायात मोडलेल्या काट्यासारखी, बाहेरून न दिसणारी.

तुम्हाला कधी स्वतःच्या आईचा मत्सर वाटला आहे? नसेल वाटला तर कसं सांगू? बक्षिसाचा नव्हता तो. माझ्या एकाही सभेला न आलेले माझे वडील पाळी बदलून तिची शर्यत संपताना बघायला यायचे. रेषेवर उभे राहून एखाद्या पोरासारखी शीळ घालायचे. आणि ती हसायची. तसं हसताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं — मान मागं टाकून, तोंडावर पदर न घेता. ते हसू बघून मला आनंद व्हायला हवा होता ना? त्याच हसण्यासाठी तर मी लिहीत होते! पण मला ते बघवत नव्हतं. तिला मोकळं करणारी मी असणार होते. तिनं माझी वाटच पाहिली नाही.

चौथ्या रात्री मला झोप आली नाही. ती घोरत होती. तिच्या घोरण्याचाही मला राग आला.

पाचव्या दिवसाची शर्यत चौकला होती. हमरस्त्यालगतच्या मैदानातून निघायचं, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या रानातून फिरून परत तिथंच यायचं. आता नियम असा होता की जी सर्वात पुढं तिनं सर्वात शेवटी निघायचं. म्हणजे आई शेवटची आणि तिच्या आधी मी. तिच्यामागून कुणीच येणार नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी ते तेव्हाही लक्षात ठेवलं होतं.

तिसरा झेंडा एका कोरड्या ओहोळात होता, उंबराच्या फांदीला. पेन्सिल हिरवी. मी खूण केली आणि पेन्सिल सोडली, तर ती खाली पडली. दोरीची गाठ सुटली होती. ती गाठ मी सोडली नव्हती. इथवर माझा दोष नाही, आणि बघा, एवढीच एक गोष्ट सांगायची मला केवढी घाई झाली आहे.

मी पेन्सिल उचलली. पुन्हा बांधायला कितीसा वेळ लागला असता? तेवढ्यात वर पाहिलं. समोरच्या उतारावर आई. माझ्यामागून निघून ती मला गाठत आली होती. धावत असती तर कदाचित — नाही, ‘कदाचित’ नको. ती धावत नव्हती. नकाशा काखेत दाबून ती एका बोरीपाशी उभी होती. बोरं वेचत होती. गुणगुणत होती. मी छाती फुटेस्तोवर पळत होते आणि ही बोरं वेचता वेचता माझ्या पुढं जाणार होती.

मी पेन्सिल पाल्यात टाकली. बुटाच्या टोकानं वर पाला ओढला. आणि पळाले.

पाला ओढला — हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. पेन्सिल नुसती पडली असती, तर मी स्वतःशी काहीतरी बोलून सुटले असते. पण पाला आपोआप ओढला जात नाही.

मी मैदानात पोचले आणि पाठोपाठ आई आली. रेषेवरच्या बायका तिच्याकडे बघून गप्प झाल्या. तिचं कपाळ मोकळं होतं. कुंकू पुसलेलं, भुवयांपर्यंत लाल फराटा. तिनं कार्ड स्पर्धाप्रमुखांच्या हातात दिलं. तिसऱ्या चौकोनात हिरव्या खुणेच्या जागी लाल बोट उमटलं होतं.

“हे काय, बाई?”

“तिथं पेन्सिल नव्हती, साहेब. सगळीकडं शोधली. मग म्हटलं, मी येऊन गेले याची काहीतरी खूण नको का? घामानं कुंकू ओलं होतंच, तेच टेकवलं.”

कुणीतरी हसलं. “वा! उद्या हळद पण लावा!” मग बरेच जण हसले. प्रमुख हसले नाहीत. भला माणूस होता. त्यांनी एका कार्यकर्त्याला ओहोळाकडं पिटाळलं. तो पेन्सिल घेऊनच परत आला — झाडाखालीच होती म्हणाला, पाल्यात.

मग प्रमुखांनी मला बोलावलं. आई शेजारीच उभी होती. ते म्हणाले, “हे बघा, दोरी आधीच सुटलेली असेल तर चूक आमची. बाईंची धाव धरावीच लागेल. तुम्ही त्यांच्या आधी तिथं होता. दोरी कशी होती?”

एक शब्द. ‘सुटलेली.’ पाल्याचं मी लपवलं असतं तरी चाललं असतं. तो एक शब्द पुरला असता.

मी म्हणाले, “घट्ट होती.”

प्रमुखांनी आईकडं पाहिलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाई, घाईत तुमच्याच हातून निसटली असेल. होतं असं. आजची धाव धरता येणार नाही, पण या वयात एवढं धावलात हेच फार झालं.”

“माझ्या हातात ती आलीच नाय, साहेब,” आई म्हणाली.

“बरं, बरं,” ते म्हणाले.

या ‘बरं, बरं’चा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. बाई खोटं बोलते आहे, पण वय झालंय, सोडून द्या. आईलाही कळला. वडील शीळ घालायला आले होते, ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातला रुमाल तिला दिला आणि ती कपाळावरचा फराटा पुसत राहिली, तो निघून गेल्यावरसुद्धा.

परतीच्या टेंपोत ती माझ्याशेजारी बसली. कर्जत मागं पडल्यावर म्हणाली, “त्या उंबराखाली पाला फार होता ना गं?”

“हो,” मी म्हणाले.

तिनं पदराची गाठ सोडली. आत बोरं होती. “घे. गोड हायत. तुझ्यासाठीच घेतली.”

मी ती खाल्ली. तुम्ही म्हणाल, कशी घशाखाली उतरली? उतरली. गोड होती.

तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. तिनं नंतर कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सहाव्या दिवशी ती धावली नाही. सातव्या दिवशी आली ती डबा घेऊन — तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, माझ्यासाठी आणि मंडळाच्या पोरांसाठी. पोरांनी ताव मारला. तिला नकाशाचं कुणी काही विचारलं नाही.

पुढं मी ‘आईला मैदान द्या’ हे पत्रक लिहिलं. तेच, ज्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझं नाव कळलं. त्यात हाफपँट आहे, ओढे आहेत, सासरच्या घराचा विनोद आहे. चार दिवस आहेत. पाचवा नाही. ‘आपल्या आयांना मैदानातून कोण हाकलतं?’ असा सवाल मी त्यात तीनदा केला आहे. सभेत तो सवाल टाकला की बायका टाळ्या वाजवतात. मी टाळ्या थांबेपर्यंत थांबते.

आई माझं सगळं वाचते. चष्मा लावून, शेवटपर्यंत. हेही वाचेल.

आणखी एक राहिलं. त्या सातव्या दिवशी निघण्याआधी माझ्या बुटाचा तळ सुटला. आईनं पाहिलं, पिशवीत हात घातला आणि स्वतःचे पांढरे बूट काढून माझ्यापुढं ठेवले. धुऊन, खडू लावून आणले होते.

“घाल,” म्हणाली. “मला आता कुठं पळायचंय?”

मी ते घातले. तिनं खाली बसून नाड्या बांधल्या, घट्ट, दोन-दोन गाठी मारून. त्या दिवशी मी पहिली आले. बूट कुठंही टोचले नाहीत.