बालीची बाई आणि आईचा गाल

झाशीच्या आमच्या घरी, बैठकीत सोफ्याच्या वर, बालीची एक बाई टांगलेली असायची. बाबा कंपनीच्या कामानं वर्षभर इंडोनेशियात होते, तिकडून त्यांनी ते चित्र आणलं. काढणारा कुणी युरोपातला चित्रकार, बालीत जाऊन राहिलेला. त्याच्या सगळ्याच बाया अशा, बाबा सांगायचे. केसांत चाफा, खांद्यावर ऊन, अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही.

"तिला काय होतंय," आई म्हणायची. "चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात पाठवा, मग काढा म्हणावं चित्र."

आईच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता, चांगला रुपयाएवढा. बाबा परतले त्याच दिवशी ती त्यांच्यासाठी अनारसे तळत होती आणि तूप उडालं. तेव्हापासून फोटो काढताना ती तो गाल हटकून पलीकडे वळवायची. कुठल्याही लग्नातला अल्बम उघडा, आई आपली एकाच बाजूनं.

गेल्या वर्षी ती गेली. तेराव्याला फोटो हवा, आणि समोरून काढलेला एकच सापडला, मोबाइलमधला, डाग स्पष्ट दिसणारा. मी सदर बाजारातल्या फोटोवाल्याला सांगितलं, "भैया, ये दाग हटा दीजिए." आईच्या मनासारखं करतेय असंच मला वाटलं. त्यानं डाग काढलाच, शिवाय सुरकुत्या पुसल्या आणि रंगही उजळवला. खोटं कशाला बोलू, मला तो फोटो फार आवडला.

बाबांनी चष्मा वर करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "ही बालीचीच झाली," म्हणाले. "तुझी आई आण."

माझं डोकंच फिरलं. "तिला लाज वाटायची त्या डागाची. तुम्हाला काय ठाऊक!"

त्यांनी भिंतीवरच्या बालीच्या बाईकडे बोट केलं. मग म्हणाले, "ती ओरडली तेव्हा मी स्टुलावर उभा राहून हे चित्र लावत होतो. म्हटलं, थांब, खिळा बसू दे, मग येतो."

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ऑटोत बसून परत बाजारात जाताना मी त्या चित्रातल्या बाईचाच विचार करत होते. तिच्याही अंगावर काहीतरी असणारच, चित्रकारानं सोडून दिलेलं. आणि ते नाही म्हणून हळहळणारं तिच्या घरी कुणी असेल, त्याला कोण विचारायला गेलंय.

फोटोवाला बघतच राहिला. "दीदी, लोग हटवाते हैं. वापस तो कोई नहीं लगवाता." मी म्हटलं, जैसा था वैसा ही दे दीजिए.

बाबांनी बालीची बाई स्वतः उतरवली आणि त्याच खिळ्यावर आईला लावलं. रुमालानं काच पुसता पुसता त्यांचा अंगठा डाव्या गालापाशी थांबला.

"फार भाजलं होतं का गं?" त्यांनी तिला विचारलं.