फाल्गुनातला हौद

हौदाच्या पाण्यात बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "अजून बसलं न्हाई." आमच्या शेजारचे काका चहाच्या कपाचंही असंच करायचे. तिथे फक्त बोट पोळायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वसमतला शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि त्यांच्या भिंतीला भिंत असलेली खोली भाड्याने घेतली. काका साखर कारखान्यात होते. त्यांच्या परसात शेवग्याखाली एक सिमेंटचा हौद होता. मुळात तो खड्डा संडासाच्या टाकीसाठी खणलेला. पण स्वयंपाकघराच्या इतक्या जवळ संडास नको म्हणून काकू अडून बसल्या. टाकी दुसरीकडे गेली, खड्डा उरला. काकांनी त्याला आतून गिलावा केला, धरणावरून रोहूची बोटाएवढी पिल्लं आणली आणि सोडून दिली.

आता तुम्ही विचाराल तेच सगळं गाव विचारायचं. खात नाही, विकत नाही, मग मासे पाळायचे कशाला?

"तुमच्या घरी पोपट हाय ना?" काका उलट विचारायचे. "कधी खाता त्याला?"

काकू माळकरी. माहेर नरसीकडचं. हौदाकडे त्या शक्यतो पाठ करूनच बसत. "ह्यांना पाळायला दुसरं काही भेटलं न्हाई," एवढंच म्हणायच्या.

फाल्गुन आला, कारखान्याचं गाळप बंद झालं, की काकांची खरी धावपळ सुरू व्हायची. उन्हाळ्याआधी हौद साफ झाला पाहिजे. वर्षभराची शेवग्याची पानं तळाशी कुजलेली, भिंतींना हिरवं शेवाळ. काका धोतर खोचून आत उतरत, नारळाच्या शेंड्यांनी भिंती घासत आणि घसरून पडत. पडले की आतूनच आवाज यायचा, "काही न्हाई झालं!" कोणी विचारलेलंही नसायचं. गाळ काकूंच्या मोगऱ्याला, जुनं पाणी केळीला. मग नळाच्या पाण्याने हौद भरायचा. पण त्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते. ती उडून जाईपर्यंत चार-सहा दिवस मासे आत सोडता येत नाहीत.

तेवढे दिवस मासे राहणार कुठे? तर आमच्याकडे.

काका हौदातलं राखून ठेवलेलं थोडं जुनं पाणी आणि त्यात दोन-दोन मासे घेऊन दारोदार फिरत. शिंप्याच्या घरी टबात, समोरच्या बाईंच्या घरी धुण्याच्या बादलीत, माझ्याकडे माझ्या एकुलत्या एका बादलीत. मी विचारलं, "काका, मी आंघोळ कशी करू?"

"फाल्गुनात काहून आंघोळ पाहिजे सर? अजून घाम तरी येऊन राहिला का?"

सकाळी चौकशीला हजर. माझी नाही, बादलीची. "दोघं भांडले तर न्हाई ना?" आणि बोट बुडवून वास. मी चार दिवस तांब्याभर पाण्याने अंग पुसून शाळेत जात असे. वर्गात पोरं जरा लांबच बसत.

काकूंची भांडी मात्र हद्दीबाहेर. तसा करारच होता. पण ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी काकांनी धरणावरून नवी पिल्लं आणल्याने मासे फार झाले होते आणि ऊन लवकर तापलं. काकू देवळात गेल्याची संधी साधून काकांनी सगळ्यात बारकी पिल्लं पितळी हंड्यात सोडली. सावलीला, स्वयंपाकघराच्या दाराशी. वर झाकण.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला, मंदाला बघायला पाहुणे येणार होते. पाहुणे आले एक दिवस आधी, काकू देवळात असतानाच.

मुलगा, त्याची आई आणि वडील. वडिलांना सगळे आबा म्हणत. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात तुळशीची माळ, मिशा अशा की बोलणारा आपोआप आवाज खाली आणायचा. घरात एकच पळापळ. काकू देवळातून धावत आल्या, मंदाला नवी साडी नेसवली, मला सतरंजी आणायला पिटाळलं. मुलगा सतरंजीकडे बघत बसला. आबा म्हणाले, "आधी पाणी द्या. ऊन लागलं."

घाबरलेल्या मंदाने हंड्यात तांब्या बुडवला आणि आणून दिला. आबांनी मान वर केली, वरून धार धरली. धारेत काहीतरी चकाकलं. ते आबांच्या मिशीवर आपटलं आणि सदऱ्याच्या गळ्यातून आत गेलं.

"साप! साप!" आबा उभे राहिले.

"साप न्हाई आबा, रोहू हाय!" काका ओरडले. "गिळला तर न्हाई ना?"

"अंगात वळवळून राहिलं की!"

"वळवळून राहिलं?" काकांचा चेहरा उजळला. "मग तकलीफ न्हाई. जितं हाय."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि खालीच बसल्या. लग्न मोडलं हे त्यांना तिथेच कळलं असावं. मलाही कळलं. आबा नाचत होते, मुलाची आई सदऱ्यावर थापा मारत होती आणि काका तिला विनवत होते, "हळू वहिनी, हळू! लेकरू हाय ते!"

तेवढ्यात मंदा पुढे झाली. डोक्यावरचा पदर घसरलेला, पण आवाज खणखणीत. "आबा, हलू नका. दाबल्या जाईल ते."

आबा खांबासारखे थांबले. तिने पदराची झोळी सदऱ्याखाली धरली. "आता सोडा खोचलेला सदरा." पिल्लू पदरात पडलं, तिने ते उचलून तांब्यात टाकलं. तांब्यात ते आडवं तरंगलं.

सगळे तांब्यावर वाकले. आबांचा राग कुठे गेला कोण जाणे. हळूच विचारलं, "जगंल का?"

काकांनी बोट बुडवलं, वास घेतला. "सांगता येत न्हाई."

"माझ्या अंगावर ह्याचा जीव गेला तर पाप मला. गळ्यात माळ हाय माझ्या." आबा सतरंजीवर बसले. तांब्या पुढ्यात घेतला. "ह्याचं काय व्हतं ते बघितल्याबिगर मी उठत न्हाई."

आणि खरंच उठले नाहीत. दुपार झाली. पोहे गार झाले, चहा दोनदा झाला. आबा डोळे मिटून पुटपुटत नामस्मरण करत होते, मध्येच एक डोळा उघडून तांब्यात बघत होते. काकूही त्यांच्याबरोबर पुटपुटू लागल्या. माशासाठी काकूंनी देवाचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मुलाने मंदाला पहिला प्रश्न विचारला, तोही सतरंजीकडे बघतच. "हे खातं काय?"

"भाताची शितं," मंदा म्हणाली. "बिनमिठाची."

"मग आमच्यात जमंल. आईच्या भातात मीठ नसतंच."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मंदा हसली. बघण्याचा कार्यक्रम म्हणायचा तो एवढाच झाला.

उन्हं उतरताना तांब्यात फडफड झाली. पिल्लू सरळ झालं आणि शेपटीने आबांच्या तोंडावर पाणी उडवलं. आबांनी मिशी पुसली, काकूंकडे वळून म्हणाले, "पोरगी धीराची हाय. तारीख काढा."

त्यानंतर दर फाल्गुनात आबा हौद धुवायला येत. व्याही म्हणून नाही, माशाचे कोणीतरी म्हणून. "आमचं कोणतं?" विचारत. काका समोर येईल तो मासा दाखवत. एका वर्षी आबा म्हणाले, "औंदा बारीक झालं का हो?"

"उन्हानं उतरलं," काका म्हणाले. मी तोंड फिरवून शेवग्याकडे बघत राहिलो.

दोन हजारनंतरच्या एका थंडीत काका गेले. ताप आला, दोन दिवस अंथरुणात होते, बस. काकूंचे गुडघे आखडलेले. हौदात उतरणारं घरात कोणी उरलं नाही. मंदा त्यांना आपल्या गावी न्यायला आली. मासे धरणात सोडायचं ठरलं.

दुधाचं मोठं कॅन घेऊन आम्ही एसटीत बसलो. मंदा, काकू, आबा आणि मी. कॅन काकूंनी कोणाला धरू दिलं नाही. कंडक्टरने विचारलं, "दूध हाय का, मावशी?"

"न्हाई बाबा," काकू म्हणाल्या. "घरचीच माणसं हायेत."

कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं आणि पुढे गेला.

धरणाच्या काठावर आबांनी कॅन तिरपं केलं. मासे लगेच गेले नाहीत. काकू गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, तिथेच पायांभोवती घुटमळत राहिले. काकू त्यांना हाकलत होत्या, "जा की आता. काहून थांबले?" पण स्वतः बाहेर येत नव्हत्या. मंदाने हात धरून त्यांना काठावर आणलं.

परत येताना रस्ता खराब होता. रिकामं कॅन सीटखाली सारखं खडखडत होतं. काकूंनी वाकून ते उचललं, मांडीवर घेतलं आणि वसमत येईपर्यंत त्याच्या झाकणावर हात ठेवून बसल्या.